रानडुकरांसाठी बंदूक

त्या रविवारी दुपारी अण्णांनी शेरवानी गच्चीवर उन्हात टाकली. संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. मालनआत्या परातीत तुरीची डाळ घेऊन खडे निवडत बसली होती आणि अण्णा तिच्या शेजारी बसून शेरवानीची पितळी बटणं चिंचेने घासत होते. आत्या म्हणाली, या वयात नवरदेव व्हायचंय की काय. ते म्हणाले, नाही, साक्षीदार व्हायचंय, आणि त्याला नवरदेवापेक्षा जास्त चकाकी लागते.

अण्णा म्हणजे माझे वडील, एकनाथराव. निजामाच्या माल खात्यात, म्हणजे महसुलात, त्यांची सगळी नोकरी गेली. घरात मराठी आणि दफ्तरात उर्दू, अशा दोन कपाटांत त्यांनी आयुष्य नीट घडी घालून ठेवलं होतं. आई माझ्या लहानपणीच गेली. आत्या विधवा होऊन आमच्याकडे आली आणि तिने मला वाढवलं. मी मुलींच्या शाळेत शिकवते. माझं लग्न झालं नाही. त्याची कारणं इथे नकोत.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, अण्णांना एका चौकशीत जबाब द्यायचा होता. आबिद रोडवर यावर साहेब नावाच्या मुसलमान व्यापाऱ्याचं बंदुकांचं दुकान होतं. पोलीस कारवाई होऊन हैदराबाद हिंदुस्थानात आलं, त्यानंतर ते दुकान सरकारने बंद केलं. तक्रार अशी होती की यावर साहेबांनी चांगली हत्यारं रझाकारांना दिली आणि हिंदू गिऱ्हाइकांच्या गळ्यात जाणूनबुजून बिघडलेल्या बंदुका मारल्या. परवाना कायमचा जाणार, की परत मिळणार, ते या चौकशीवर होतं. आम्ही त्यांच्याकडून बंदूक घेतली होती आणि ती उत्तम होती. एवढं सांगायला अण्णा जाणार होते.

पण एवढंच नव्हतं. बटणं घासून झाल्यावर ते खाली आले आणि माझ्या टेबलाशी उभे राहिले.

"पद्मा, तू एवढं वाचतेस," ते म्हणाले. "माणसाला तोंडावर सांगायचं असेल की आम्ही तुम्हाला भीत होतो, तर उर्दूत ते कसं सांगावं? त्याचा अपमान होता कामा नये."

मी विचार करून एक वाक्य सांगितलं. त्यात अंदेशा होता, हालात होते, वक्त की नजाकत होती. त्यांनी ते ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून पाहिलं.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "पण यात लाज कुठेच दिसत नाही."

मग ते बंदूक पुसायला बसले. सोमवारी ती दाखवायला न्यायची होती. जुन्या धोतराच्या फडक्याला तेल लावून त्यांनी नळ्यांतून काठी फिरवली, नळ्या खिडकीकडे धरून एक डोळा मिटला, आणि समाधानाने मान हलवली. रात्री आत्याने बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत केलं होतं. ते जेवले आणि झोपायला गेले. मी मुलींचे निबंध तपासत बसले होते, म्हणून त्यांच्याकडे नीट पाहिलंही नाही.

बंदूक आम्ही सत्तेचाळीसच्या श्रावणात घेतली. पलीकडे स्वातंत्र्य आलं होतं. इकडे कुठला झेंडा लावायचा हे मोठ्याने विचारायचीही चोरी होती. संध्याकाळी रझाकारांची संचलनं निघायची. गल्लीतले लोक खिडक्या लावून घ्यायचे आणि मग फटीतून बघायचे. घरात दोन बायका आणि एक म्हातारा. हत्यार हवंच, असं सगळे म्हणू लागले. सगळ्यांत मोठ्याने म्हणाले हिम्मतकाका, अण्णांचे चुलतभाऊ, आमच्याच गल्लीत राहणारे. त्यांचा लाकडाचा धंदा होता आणि आवाजही वखारीत घुमतो तसा होता.

अण्णांना परवाना मिळाला तो दोन कारणांनी. ते सरकारचे जुने नोकर होते, आणि उदगीरकडे आमची थोडी जमीन होती. अर्जात त्यांनी लिहिलं: पिकाचं रानडुकरांपासून रक्षण करण्यासाठी. आमची ती जमीन म्हणजे उघडा माळ. रानडुक्कर सोडा, तिथे सावलीला बसायला शेळीसुद्धा यायची नाही. पण त्या वर्षी आमच्यासारख्या ज्याने ज्याने अर्ज केला, त्याच्या शेतात रानडुकरं होती. अर्ज घेणाऱ्या अधिकाऱ्यालाही ते माहीत असावं. त्यानेही शिक्का मारला.

हिम्मतकाका आम्हाला प्रथम बेगम बाजाराकडे घेऊन गेले. तिथला दुकानदार त्यांच्या ओळखीचा, आपल्यातला. दिवस असे आहेत, काका म्हणाले, हत्यार आपल्या माणसाकडूनच घ्यावं. दुकानदाराने एका जहागीरदाराची जुनी दुनाळी काढली. बाजूच्या पत्र्यांवर चांदीत कोरलेला वाघ होता. काकांचा जीव त्या वाघावर जडला. अण्णांनी बंदूक हातात घेऊन हलवली, तर आत कुठेतरी हलणाऱ्या दातासारखं काही वाजलं. दुकानदार म्हणाला की खानदानी बंदूक आहे, ती बोलतेच. नळ्या उघडून बघू का, असं अण्णांनी विचारलं, तेव्हा तो म्हणाला की मालक, विश्वास नसेल तर राहू द्या. अण्णांनी राहू दिली. काकांनी घेतली.

दुसरं दुकान आबिद रोडवर, मोठं होतं. काचेची कपाटं, वर पंखा. तिथल्या माणसाने अण्णांच्या शेरवानीकडे पाहिलं, मग त्यांच्या चपलांकडे, आणि इंग्रजीत विचारलं की कोणत्या इस्टेटीकडून आलात. कपाटाची किल्ली त्याने खिशातून काढलीच नाही.

यावर साहेबांचं दुकान त्याच रस्त्यावर पुढे होतं, अरुंद आणि खोल. ते स्वतः गादीवर बसलेले. अण्णांच्याच वयाचे, पांढरी दाढी नीट कातरलेली, अंगावर करड्या रंगाची शेरवानी. त्यांनी आधी बसवलं, चहा मागवला, माझ्यासाठी खुर्ची भिंतीकडे सरकवली म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांचा धक्का लागू नये. मग विचारलं, "किस काम के लिए चाहिए जी?"

अण्णांना खोटं बोलता येत नसे. कागदावर लिहिणं वेगळं. त्यांनी घसा साफ केला, चहाचा पेला उचलला, परत ठेवला. मला त्यांची दया आली आणि थोडा रागही आला. म्हणून मीच बोलले.

"सुअर के लिए. जंगली सुअर. खेत में बहुत आते."

यावर साहेबांनी आपला पेला बाजूला ठेवला.

"अच्छा," ते म्हणाले. "बद जानवर. बडे आते?"

"हौ, बडे."

"झुंड में आते, या अकेले?"

"झुंड में."

"उजाले में?"

"नहीं, अंधेरा पडने के बाद."

मला कथा-कादंबऱ्या वाचायची सवय, त्यामुळे तपशील सुचत गेले. कुंपण कसं मोडतात, आवाज कसा येतो, राखणदार कसा घाबरून झाडावर चढतो. यावर साहेब मान खाली घालून ऐकत होते. अण्णा पेल्यात बघत होते. माझं सांगून संपल्यावर साहेब उठले आणि त्यांनी आतून एक बंदूक आणली.

दुनाळीच घ्या, ते म्हणाले. एक नळी रिकामी झाली की माणसाचं मनही रिकामं होतं, दुसरी आहे एवढ्यानेच हात स्थिर राहतो. बंदूक बर्मिंगहॅमची होती, साधी, कसलंही कोरीवकाम नसलेली, बाहेरून दिसणारे दोन घोडे असलेली. घोडे बाहेर असले की बंदूक तयार आहे की नाही ते लांबूनही कळतं, घरात शिकाऊ माणसं असतील तर हेच बरं. त्यांनी ती उघडून अण्णांच्या हातात दिली आणि दाराच्या उजेडाकडे धरून आत बघायला सांगितलं. मग मलाही. आत चांदीसारखी वर्तुळं एकात एक गेलेली दिसत होती, कुठे डाग नाही. मग मिटून कानाशी धरून हलवायला सांगितलं. काही वाजलं नाही.

अण्णांची नजर बाजूच्या एका नव्या, बिनघोड्यांच्या बंदुकीवर गेली होती. ती महाग होती, तरी अण्णा अशा वेळी ऐपतीबाहेर जायला तयार झाले असते. यावर साहेबांनी ती उचलून मागे ठेवली.

"वो आपके लिए नहीं," ते म्हणाले. "उसकी कमान टूटी तो विलायत भेजना पडता. इसकी टूटी तो अपना कारीगर शाम तक बना देगा."

बंदुकीचा लाकडी दस्ता अण्णांच्या खांद्याला थोडा लांब पडत होता. तो कापून देतो म्हणाले. मग माझ्याकडे वळले. अण्णा कधी घरी नसले तर कोण उचलेल, असं त्यांनी विचारलं आणि बंदूक माझ्याकडे दिली. मी ती खांद्याला लावली. जड होती. त्यांनी मला दुकानाच्या दाराकडे नेम धरायला सांगितला.

"आपकी गली इससे चौडी है, या तंग?"

"तंग," मी म्हणाले.

"तो फिर मोटे छर्रे का कारतूस लीजिए. नजदीक से वही काम आता."

पैसे अण्णांच्या आवाक्यातले होते. शेवटी साहेबांनी बजावलं की न चालवलेली बंदूक घरात ठेवू नका, परक्या माणसासारखी असते, वेळेला दगा देते. पुढच्या शुक्रवारी नमाजानंतर त्यांनी आम्हाला मलकपेटेपलीकडे त्यांच्या भावाच्या आंब्याच्या बागेत नेलं. खांद्याला दणका बसू नये म्हणून अण्णांच्या शेरवानीच्या आत त्यांनी स्वतःचा रुमाल घडी करून घातला. अण्णांनी डोळे मिटून बार काढला. मी उघडे ठेवून काढला. साहेब हसले नाहीत. आत्या मात्र हसली. अण्णांच्या काळ्यानिळ्या खांद्याला हळद-तेल चोळताना म्हणाली, "झुरळ मारताना डोळे मिटणारा माझा भाऊ, त्याच्या हाती राज्य द्या आता."

पण बंदूक घेतली त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. परत येताना टांग्यात अण्णा रस्त्याकडे बघत बसले होते. मग म्हणाले, "शेतातल्या डुकरासाठी गल्लीची रुंदी कुणी विचारतं का?"

तेव्हा मला कळलं. दुकानात बसून मला ते कळलं नव्हतं, इतक्या साधेपणाने त्यांनी विचारलं होतं आणि इतक्या साधेपणाने मी उत्तर दिलं होतं.

"आणि तू त्या जनावराचं नाव घेतलंस," अण्णा म्हणाले. "माझी सगळी नोकरी त्या लोकांत गेली. त्यांच्यासमोर ते नाव आम्ही कधी घेतलं नाही. तेही घेत नाहीत. बद जानवर म्हणतात. तू नाव घेतलंस, आणि त्याला माहीत होतं की तू कुणाबद्दल बोलते आहेस."

मी म्हणाले की अर्जात तुम्हीच लिहिलं होतं.

"हो," ते म्हणाले. "मीच लिहिलं."

टांगेवालाही मुसलमान होता. त्याला मराठी येत असेल का, असा विचार माझ्या मनात आला, आणि मी घर येईपर्यंत गप्प बसले.

त्यानंतर आम्ही यावर साहेबांना अनेकदा भेटलो. दर वेळी ते शेताची विचारपूस करायचे, आणि दर वेळी अण्णा म्हणायचे की आता त्रास कमी आहे. खंडेनवमीला आत्याने बंदूक माझ्या पुस्तकांशेजारी पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं, पाणी शिंपडलं, झेंडूचं फूल नळीत खोवलं. पुढे कधी ती तेलपाण्याला नेली तेव्हा घोड्याच्या खाचेत लाल डाग पडला होता. साहेबांनी नखाने कुंकू खरवडून काढलं आणि एवढंच म्हणाले की पूजेनंतर तेल लावत जा, देव रागावणार नाहीत.

अठ्ठेचाळीसचा उन्हाळा वाईट गेला. पाऊस लागला तेव्हा त्याहून वाईट. खेड्यांतून येणाऱ्या बातम्या आत्या मला ऐकू देत नसे, स्वतः ऐकत असे. त्या दिवसांत एकदा साहेबांनी अण्णांना निरोप पाठवला की पावसाने काडतुसं सर्दावतात, जुनी घेऊन या. अण्णा गेले. साहेबांनी जुनी ठेवून घेतली आणि कोरडी दिली. त्या काळात एका हिंदू घरात काडतुसं दिल्याचं त्यांच्या गल्लीत कुणाला कळलं असतं तर त्यांची धडगत नव्हती. अण्णांनी त्यांना घाबरत घाबरत विचारलं की हे बरं आहे का. साहेब म्हणाले, "बारिश में वो ज्यादा निकलते, बद जानवर."

घरी येऊन अण्णांनी हे सांगितलं आणि उठून परसात गेले. तिथे उगाच तुळशीला पाणी घालत राहिले. पाऊस पडत होता.

आम्हाला बंदूक चालवावी लागली नाही. हिम्मतकाकांनी चालवली, म्हणजे चालवायला गेले. एका संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी आरडाओरडा झाला तेव्हा ते वाघाची बंदूक घेऊन गच्चीवर चढले आणि हवेत बार काढायला त्यांनी चाप ओढला. खट्ट झालं. दुसरा ओढला, पुन्हा खट्ट. खाली खाटांखाली लपलेली माणसं, भीतीने अर्धमेली झालेली, तरी हसली. आरडाओरडा एका बिथरलेल्या म्हशीचा होता, हे नंतर कळलं. काकांना ते हसणं गिळता आलं नाही. काही दिवसांनी ते सांगू लागले की बंदूक आबिद रोडवरची होती, त्या लोकांनी आपल्याला मुद्दाम नासका माल दिला. एकदा सांगितलं, मग पुन्हा सांगितलं, मग त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला.

गणपतीच्या दिवसांत फौजा आल्या. चार-पाच दिवसांत सगळं संपलं. आम्ही पेढे वाटले. मग दुसऱ्या बाजूच्या, मुसलमान घरांवर काय गुजरलं त्याच्या बातम्या येऊ लागल्या, आणि आता आत्या त्या स्वतःही ऐकत नसे. यावर साहेबांच्या दुकानाला सरकारी कुलूप लागलं. तक्रारअर्जावर पहिली सही हिम्मतकाकांची होती.

अण्णा त्यांना भेटायला गेले. म्हणाले की बेगम बाजारात मी तुझ्या शेजारी उभा होतो. काका म्हणाले की एकनाथ, त्या लोकांनी काय काय केलं ते विसरलास का. अण्णा म्हणाले की विसरलो नाही, पण त्या लोकांनी केलं ते यावर साहेबांनी केलं का, एवढंच विचारतो. काकांनी चहा सांगितला. अण्णांनी घेतला नाही. मग त्यांनी चौकशीत जबाब देतो असं लिहून पाठवलं.

सोमवारी सकाळी ते वेळेवर तयार झाले. शेरवानी घातली, गळ्यापर्यंत बटणं लावली. बंदूक गुंडाळून दाराशी ठेवली होती. खुर्चीवर बसून बूट घालताना त्यांनी पाणी मागितलं. मी आणलं तेव्हा एक बूट पायात होता, दुसरा हातात. मला वाटलं वाकून बसले आहेत.

अंत्ययात्रेला गल्ली लोटली होती. यावर साहेब आले. त्या दिवसांत आमच्या गल्लीत एकट्याने येणं त्यांना सोपं नव्हतं. कुणी त्यांना जागा दिली नाही, कुणी जा असंही म्हणालं नाही. ते भिंतीला लागून उभे राहिले आणि मग शेवटच्या माणसाच्या मागे नाक्यापर्यंत चालत गेले. दुसऱ्या दिवशी दारात येऊन मला म्हणाले, "साहब बहुत सच्चे आदमी थे, बेटी." चौकशीचं त्यांनी काही विचारलं नाही. तारीख पुढे गेली होती. मी तुमच्यासाठी बोलेन असं मी म्हणू शकले असते. मी म्हणाले, "हौ जी." ते गेले.

दिवसकार्य झाल्यावर हिम्मतकाका आले. आवाज खाली ठेवून, नीट समजावून बोलले. परवान्याच्या अर्जावर अण्णांनी स्वतःच्या सहीने रानडुकरं लिहिली आहेत. तू तिथे जाऊन वेगळं काही बोललीस तर मेलेल्या माणसाला खोटं ठरवशील. आणि अर्जात आहे तसंच बोललीस, तर तुझं बोलणं कुणाच्या उपयोगाचं नाही. मग जायचं कशाला? घरातल्या बाईमाणसाने कचेरीत उभं राहावं, हे अण्णांना आवडलं असतं का?

ते म्हणत होते त्यात खोट काढता येत नव्हती. मी रात्रंदिवस तोच विचार करत होते. अण्णा जाऊन काय बोलणार होते हे फक्त मला माहीत होतं. ते बोलले असते तर स्वतःच्या सहीबद्दल स्वतः बोलले असते. मी बोलले तर ती चुगली होती.

आत्या स्वयंपाकघरातून बाहेर आली. "हिम्मत," ती म्हणाली, "तुझ्या बंदुकीवरचा वाघ तरी खरा होता का रे?"

काका उठून गेले. आत्याने मला काही सांगितलं नाही. फक्त तारखेच्या दिवशी सकाळी बंदुकीची गुंडाळी आणून दाराशी ठेवली, त्याच जागी. परवाना अण्णांच्या नावाचा होता, त्यामुळे ती जमा करायचीच होती.

कचेरीतला अधिकारी बाहेरचा होता, दक्षिणेकडचा, तरुण. उर्दू त्याला तोडकी येत होती आणि मराठी मुळीच नाही. शेजारी बसलेला कारकून त्याला सगळं समजावून सांगत होता. एका बाकावर हिम्मतकाका आणि तक्रारदार, समोरच्या बाकावर यावर साहेब, एकटे. आमच्या दारात आले होते तेव्हापेक्षा बारीक दिसत होते. मला पाहून ते उठून उभे राहिले. तिथे असं कुणासाठी कुणी उठत नव्हतं.

अधिकाऱ्याने बंदूक उघडली, खिडकीकडे धरून आत पाहिलं, मिटून हलवली. चांगली आहे, म्हणाला. हिम्मतकाका म्हणाले की असेल, पण शेतकऱ्याला शेतासाठी चांगली बंदूक विकली, यात काय सिद्ध झालं? रानडुकरं मारायला दिली. ज्यांना जीव वाचवायला हवी होती, त्यांना काय दिलं ते विचारा.

अधिकाऱ्याला ते पटलं. त्याने अण्णांचा अर्ज पुढे घेतला, कारण वाचलं, आणि यावर साहेबांना विचारलं की गिऱ्हाईक बंदूक कशासाठी घेतं आहे, याची तुम्हाला काय कल्पना होती. तुम्हाला वेगळं काही माहीत असेल तर सांगा, तुमच्या फायद्याचं आहे.

यावर साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते म्हणाले, "मरहूम ने कागज में जो लिखा है, जनाब, वही सही है. बद जानवर के लिए ली थी."

काका बाकावर मागे टेकले. अधिकाऱ्याने लेखणी उचलली. त्याचं लिहून झालं की दुकान गेलं, हे तिथे सगळ्यांना कळत होतं, आणि सगळ्यांत जास्त त्या म्हाताऱ्या माणसाला. अण्णांची सही खोटी ठरू नये म्हणून त्याने ते होऊ दिलं. दीड वर्षापूर्वी माझ्या तोंडून ऐकलेलं ते सगळं त्याने अजून जपून ठेवलं होतं, आमचंच म्हणून.

मी उभी राहिले. उर्दूत सुरुवात केली, त्या रविवारी अण्णांना सांगितलेल्या त्याच वाक्याने. अंदेशा आला, हालात आले, आणि मला ऐकू आलं की यात लाज कुठेच दिसत नाही. मी थांबले. कारकुनाला म्हणाले की मी मराठीत बोलते, तुम्ही साहेबांना समजावून सांगा. मग अधिकाऱ्याकडे पाठ झाली तरी चालेल अशी यावर साहेबांकडे वळले. इतकी वर्षं हैदराबादेत काढलेला माणूस, त्यांना मराठी कळत होती.

"आमच्या शेतात रानडुकरं नव्हती, यावर साहेब," मी म्हणाले. "आम्ही तुम्हाला भीत होतो. मी त्या जनावराचं नाव घेतलं ते तुमच्याबद्दल घेतलं, आणि तुम्हाला ते त्याच वेळी कळलं होतं. बंदूक तुमच्या माणसांवर चालवायला घेतली होती. तुम्ही माझ्या खांद्याला लावून पाहिलीत, आमची गल्ली केवढी आहे ते विचारलंत, आणि चांगली दिलीत."